गोंगाट आणि संकेत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मी विज्ञानावर बोलावे असे समितीने ठरविले, तेव्हा आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल, आणि ते स्वाभाविकच आहे. मी कला शाखेचा पदवीधर. केंद्र सरकारच्या नोकरीत माझी तीसएक वर्षे हिशेबाच्या बाजूला गेली आणि त्यांतली बरीचशी दूरसंचाराच्या कागदपत्रांत. 'स्पेक्ट्रम' हा शब्द फायलीत रोज वाचावयाचा आणि तो पदार्थ मात्र जन्मात कधी डोळ्यांनी पाहावयाचा नाही, अशा अवस्थेत माणसाला एक तर कंटाळा येतो किंवा कुतूहल वाटू लागते. मला कुतूहल वाटले. त्यापोटी जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि माझ्या कुवतीप्रमाणे उमजले, तेवढेच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

विषय निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातील तीन-चार घरांत एकच चर्चा माझ्या कानांवर आली. मुलगी हुशार आहे, अभियांत्रिकी किंवा एम. एस्‌सी. झाली आहे, चांगल्या कंपनीचे नेमणूकपत्र हाती आहे; आणि ती म्हणते, 'मला सैद्धांतिक संशोधन करावयाचे आहे.' आई विचारते, 'म्हणजे प्रयोगशाळासुद्धा नाही? नुसता कागद?' वडील काही बोलत नाहीत, पण त्यांच्या मनातील आकडेमोड मला कळते, कारण मी त्याच धंद्यातला आहे. हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. घरदार सोडून आलेल्या कुटुंबांची सारी पुंजी मुलांच्या शिक्षणात असते. तेव्हा नुसत्या कागदावर काय होते, ह्याचा हिशेब एकदा मांडून पाहू.

प्रथम आपल्या सर्वांच्या खिशातील वस्तू घेऊ. मोबाइल बोलतो तो हवेतून, आणि हवा सर्वांची एकच. पुष्कळ माणसे एकाच खोलीत एकदम बोलू लागली की जे होते तेच येथे होते. १९७१ साली हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या बेटांवरील उपकरणे बिनतारी संदेशांनी मध्यवर्ती संगणकाला जोडली. ह्या योजनेचे नाव 'अलोहा'. तिचा नियम अगदी साधा : ज्याला बोलावयाचे असेल त्याने बोलावे, दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले तर दोघांनीही थोडे थांबून पुन्हा बोलावे. अशा व्यवस्थेत एकूण वेळेपैकी किती वेळ कारणी लागेल? अब्रॅमसन यांनी संभाव्यतेच्या गणिताने उत्तर काढले : फार झाले तर सुमारे १८ टक्के. बाकीचा वेळ आदळआपट आणि शांतता ह्यांत जाणार. मग लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी १९७२ मध्ये एवढेच सुचविले, की कोणीही मध्येच सुरुवात करू नये. घड्याळाच्या ठोक्याबरोबरच सुरुवात करावी. तेवढ्या एका शिस्तीने १८ चे ३७ टक्के झाले. एक तार वाढविली नाही, एक मनोरा उभारला नाही. आपल्या कार्यकारिणीच्या सभेचे काम १८ टक्क्यांच्या वर चालते की खाली, हे मी येथे सांगत नाही.

त्याआधी, १९४८ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन यांनी ह्याहून मूलभूत गोष्ट सिद्ध केली होती. संदेशाच्या कोणत्याही वाटेला एक कमाल मर्यादा असते. पट्टा किती रुंद आहे आणि गोंगाटाच्या मानाने संकेत किती बलवान आहे, ह्या दोन गोष्टींवर ती ठरते. कितीही हुशार अभियंता आणला तरी ती ओलांडता येत नाही. मात्र तिच्या अगदी जवळ जाता येते. हिशेबनिसाच्या दृष्टीने ह्या सिद्धांताचे मोल किती आहे पाहा. २०१० साली तिसऱ्या पिढीच्या मोबाइल सेवेच्या पट्ट्यांचा लिलाव सुमारे ६७,७०० कोटी रुपयांना गेला. २०२२ च्या पाचव्या पिढीच्या लिलावातील बोली १,५०,१७३ कोटींच्या झाल्या. विकली जाणारी वस्तू दिसत नाही, तिचे वजन करता येत नाही. तिच्यातून जास्तीत जास्त किती काम निघेल हे सांगणारा आधार शॅनन यांच्या कागदावरचाच.

आता प्रश्न वाटणीचा. तो मी आपल्या पंगतीवरून सांगतो. पंगतीचा शिष्टाचार असा, की सर्वांचे जेवण झाल्याखेरीज कोणी उठू नये. एखादे आजोबा सावकाश जेवणारे असले की सारी पंगत खोळंबते आणि पुढची पंगत दारात तिष्ठत राहते. घरातील वाय-फायचे दोन दशकांपूर्वी नेमके हेच होत असल्याचे संशोधकांच्या ध्यानात आले. एक संगणक यंत्राजवळ आहे, त्याचा वेग ११. दुसरा भिंतीपलीकडे आहे, त्याचा वेग १. नियम असा, की दोघांनी आळीपाळीने एकेक सारखेच गाठोडे पाठवावे. दिसावयास हे अगदी न्याय्य दिसते. पण दूरच्याचे गाठोडे जावयास अकरापट वेळ लागतो. बाराव्या ठोक्याला हिशेब केला तर दोघांचीही एकेकच पोच झालेली. म्हणजे प्रत्येकाच्या पदरी एकाहूनही कमी वेग, आणि दोघांचा मिळून दोनाच्याही आत. आता नियम बदलू : गाठोडी सारखी नकोत, वेळ सारखा द्या. जवळच्याला साडेपाच मिळतात, दूरच्याला अर्धा, बेरीज सहा. बेरीज तिपटीहून अधिक झाली. ही आकडेमोड मी स्वतः पाठकोऱ्या कागदावर करून पाहिली आहे, आपणही करून पाहावी.

केंब्रिजचे गणिती फ्रँक केली यांनी १९९७-९८ च्या सुमारास वाटणीच्या ह्या प्रश्नाला रीतसर गणिती रूप दिले. त्यांच्या 'प्रमाणशीर न्याया'च्या सूत्राने वरच्या उदाहरणात दुसराच मार्ग, समान वेळेचा, योग्य ठरतो. तिसऱ्या पिढीपासूनच्या मोबाइल मनोऱ्यांत ह्या तत्त्वाचा वापर झालेला आहे. आपल्या बेंगळुरूतही ह्या शास्त्राची मोठी परंपरा आहे. जुने बसवाहक अजून ज्या थांब्याला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात, त्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अनुराग कुमार यांनी संदेशजालांच्या गणितावर आयुष्य वेचले. २०१४ ते २०२० ह्या काळात ते संस्थेचे संचालक होते. त्यांनी जॉय कुरी व मुंबईच्या आय. आय. टी. चे डी. मंजुनाथ यांच्यासह बिनतारी जालांवर लिहिलेला ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. मी तो उघडून पाहिला. दहाव्या पानापुढे माझी गती खुंटली, हे सांगितलेले बरे.

परंतु वरच्या उदाहरणातील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बेरीज वाढली खरी. दूरच्याचा वाटा मात्र जवळजवळ एकावरून अर्ध्यावर आला. हा 'दूरचा' कोण? कागदावर तो एक अक्षर असतो. देशात तो एखाद्या डोंगराआडचा पाडा असतो. गणित आपल्याला सांगते, की अमुक एक गोष्ट जास्तीत जास्त करावयाची असेल तर अमुक करा. कोणती गोष्ट जास्तीत जास्त करावयाची, हे गणित सांगत नाही. ते माणसाने ठरवावयाचे असते. म्हणून मला मुंबईच्या आय. आय. टी. त प्रा. अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम विशेष मोलाचे वाटते. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ ह्या पट्ट्यात पंधरा वाहिन्या बसतात. त्यांतील किती खरोखर वापरात आहेत, ह्याचा देशभराचा हिशेब त्यांनी मांडला आणि निष्कर्ष निघाला, की जवळजवळ सर्वत्र पंधरांपैकी किमान बारा वाहिन्या मोकळ्या आहेत. ह्या लांब लहरी झाडीतून व चढउतारांतून बऱ्या जातात. पालघर जिल्ह्यात खामलोली व आसपासच्या गावांत त्या वापरून पाहण्यात आल्या आणि 'ग्राममार्ग' ह्या नावाने ते काम पुढे वाढले. ह्या प्रयोगाची सुरुवात रिकाम्या जागा मोजण्याने, म्हणजे कागदावरच झाली.

आता मी आपणांस एकदम फार दूर नेणार आहे. पण वाट एकच आहे. मोबाइलची लहर आणि दिव्याचा प्रकाश ही जातीने एकच. दोन्ही फोटॉन नावाच्या प्रकाशकणांनी बनलेली. मोबाइलच्या फोटॉनमधील ऊर्जा दिव्याच्या फोटॉनपेक्षा काही लाख पटींनी कमी, एवढाच फरक. ह्या फोटॉनचा स्वभाव काय, तो दुसऱ्या कणाला भेटला तर काय होते, हा मूलकणांच्या शास्त्राचा विषय. तेथे गोंगाट माणसांनी केलेला नसतो, निसर्गाचा असतो. पुंजयामिकीच्या नियमांनुसार एका टकरीतून काय निघेल हे निश्चित सांगता येत नाही. अमुक निघण्याची शक्यता किती, एवढेच काढता येते. नको असलेल्या कोट्यवधी घटनांतून हवी ती एक ओळखावयाची, हे काम तेथेही आहेच.

ह्या शास्त्राचे बेंगळुरूशी नाते जुने आहे. होमी भाभा १९३९ साली सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध पेटले आणि ते टाटा इन्स्टिट्यूटमध्ये राहिले. सर चंद्रशेखर वेंकट रामन तेव्हा तेथेच होते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, ह्याचे गणित भाभांनी १९३६ साली, पंचविशी उलटते न उलटते तोच, प्रसिद्ध केले होते. पुढे अर्ध्या शतकाने युरोपात मोठी यंत्रे उभी राहिली तेव्हा त्यांतील टकरींची मोजदाद करावयास 'भाभा प्रकीर्णन' हेच माप वापरण्यात आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची सुरुवातही १९४५ साली ह्याच आवारात झाली आणि त्याच वर्षी ती मुंबईस गेली.

पन्नास वर्षांनी, १९९५ मध्ये, मुंबईहून उलट दिशेने एक विदुषी ह्या आवारात आल्या. प्रा. रोहिणी गोडबोले. पुण्यात १९५२ साली जन्म, हुजूरपागेत शाळा, सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून बी. एस्‌सी., मुंबईच्या आय. आय. टी. तून १९७४ साली एम. एस्‌सी., अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथे १९७९ मध्ये डॉक्टरेट. पुढे काही वर्षे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काढून १९८२ पासून मुंबई विद्यापीठात अध्यापन. त्यांचे सर्वांत गाजलेले काम ह्या मुंबईच्या काळातले आहे, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी. यंत्र जवळ नाही, मोठी प्रयोगशाळा हाताशी नाही. विद्यार्थ्यांना शिकवावयाचे आणि उरल्या वेळात गणित करावयाचे.

ते काम असे. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन समोरासमोर आदळविणारी एक सरळ रेषेतील प्रचंड यंत्रे उभारण्याचा विचार जगभर चालू होता. सर्वांची समजूत अशी, की ही टक्कर स्वच्छ असते. प्रोटॉनांच्या टकरीसारखा कचरा तीत उडत नाही. पण पुरेशा टकरी घडवावयाच्या तर कणांचे झोत अतिशय बारीक, मिलिमीटरच्या लाखांशांइतके चिंचोळे करावे लागतात. असे दोन झोत समोरासमोर आले की एकमेकांच्या प्रभावाने त्यांतील कणांच्या वाटा वाकतात आणि वाकताना त्यांतून फोटॉन बाहेर पडतात. म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या टकरीबरोबरच फोटॉनांच्याही टकरी होणार. त्यात काय मोठेसे, प्रकाशावर प्रकाश पडला तर काय बिघडते, असे आपणांस वाटेल. पण पुंजयामिकीत फोटॉन हा नुसता फोटॉन नसतो. क्षणाच्याही अत्यल्प अंशापुरता तो क्वार्क आणि प्रतिक्वार्क अशा जोडीचे रूप घेतो. नेमक्या त्या क्षणी दुसरा फोटॉन भेटला, की प्रोटॉनांच्या टकरीत उडतो तसाच कचरा उडतो. गोडबोले आणि जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रीस यांनी हा कचरा किती असेल ह्याचे गणित केले आणि १९९१ साली दाखवून दिले, की काही नियोजित यंत्रांच्या आराखड्यांत तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. हवा तो संकेत त्यात बुडण्याची भीती आहे. जपानमधील त्रिस्तान यंत्रावरील प्रयोगांत फोटॉनचे हे 'क्वार्करूप' आपला परिणाम दाखविताना आढळले. तेव्हापासून अशा यंत्रांचा आराखडा करणाऱ्याला ह्या गोंगाटाची तरतूद करावी लागते.

अंदाजपत्रक हा माझा प्रांत. एखादी इमारत बांधून झाल्यावर पाया खचतो आहे असे कळणे आणि नकाशा कागदावर असतानाच कळणे, ह्यांत काय अंतर आहे हे सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ही यंत्रे अब्जावधी डॉलरांची असतात. ती वार्ता मुंबईच्या एका प्राध्यापिकेच्या आणि तिच्या सहकाऱ्याच्या गणितातून आली.

ह्या शास्त्रातील गोंगाट म्हणजे काय, ह्याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देतो. जिनीव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचे जे यंत्र आहे, त्यात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. ४ जुलै २०१२ रोजी ज्या हिग्ज कणाची घोषणा झाली, तो अब्जावधी टकरींत एखाददुसऱ्या वेळी निर्माण होतो. आणि झालेल्या हजार हिग्जपैकी जेमतेम दोन जण दोन फोटॉनांत रूपांतरित होतात. तरी त्या दोन फोटॉनांच्या वाटेनेही तो स्पष्टपणे ओळखता आला, कारण तेथे गोंगाटाचा हिशेब चोख करता येतो. कोठे पाहावे हे आधी कोणी काढून ठेवलेले नसते, तर तो ढीग तसाच राहिला असता.

हिशेबात जमा तशी खर्चाची बाजूही दाखवावी लागते. ड्रीस, गोडबोले आणि प्रबीर रॉय यांनी २००४ साली 'अतिसममिती' ह्या कल्पनेवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या कल्पनेनुसार प्रत्येक ज्ञात कणाला एक अज्ञात जोडीदार असावा. जिनीव्हाच्या यंत्राने बरीच वर्षे शोध घेतला. आजतागायत असा एकही जोडीदार सापडलेला नाही. ज्या सरळ यंत्राविषयी त्यांनी इशारा दिला, तेही अद्याप उभे राहिलेले नाही. ह्या वाटेने जाणाऱ्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना हे आधी ठाऊक असले पाहिजे. वीस वर्षे निष्ठेने काम करावे आणि निसर्गाने 'नाही' म्हणावे, असे येथे होऊ शकते. 'नाही' हेही उत्तरच, असे शास्त्रज्ञ म्हणतात. मला ते पटते. पण ते पचविण्यास मोठे मन लागते, हेही दिसते.

गोडबोले यांनी ह्या वाटेवर मुली का थोड्या येतात, ह्याचाही पाठपुरावा केला. राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी संपादिलेला 'लीलावतीज डॉटर्स' हा भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचा व चरित्रांचा ग्रंथ येथल्याच भारतीय विज्ञान अकादमीने २००८ साली काढला. लीलावती म्हणजे भास्कराचार्यांची. ग्रंथ ११५० सालचा. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्याच टाटा इन्स्टिट्यूटच्या दारात १९३३ साली आणखी एक मराठी मुलगी उभी होती, ह्याचे स्मरण येथे करावयास हवे. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमला भागवत, पुढे कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेत प्रथम आलेल्या, वडील व चुलते दोघेही ह्याच संस्थेचे माजी विद्यार्थी. तरीही केवळ स्त्री म्हणून रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविलेल्या त्या जीवरसायनशास्त्रज्ञ झाल्या. कमलाबाईंना दारात अडविले ते १९३३ साल, आणि रोहिणीताई प्राध्यापिका म्हणून आल्या ते १९९५. बासष्ट वर्षे झाली. दोघींच्याही घरी कोणी तरी 'जा' म्हटले असणार.

राहिला तो वडिलांच्या मनातील आकडा. संशोधक विद्यार्थ्याला केंद्र सरकारची कनिष्ठ छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतरची वरिष्ठ छात्रवृत्ती ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता निराळा. बेंगळुरूच्या संगणक कंपन्यांच्या पगाराशी ह्याची तुलना करू नये, कारण ती होणारच नाही. पण मुलगी उपाशी राहणार नाही, आणि पाच-सहा वर्षे तिला आईबापांपुढे हात पसरावा लागणार नाही. २०२३ साली केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस सुमारे ६,००३ कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. तिचे संगणनाचे केंद्र येथल्या विज्ञान संस्थेत आहे आणि मापन व संवेदनाचे मुंबईच्या आय. आय. टी. त. त्यामुळे जागांची स्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे, एवढे कागदपत्रांवरून म्हणता येते.

शेवटी एक सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. विज्ञान संस्था वर्षातून एक दिवस आपली दारे सर्वसामान्यांस उघडते. त्या दिवशी मंडळाने एक बस करावी आणि आठवीच्या वरील मुलामुलींना व त्यांच्या आईवडिलांना, विशेषतः आईवडिलांना, तेथे न्यावे. विमानाचे वायुबोगदे आणि यंत्रमानव पाहण्यास गर्दी असतेच. सैद्धांतिक विभागांत फळ्याखेरीज पाहण्यासारखे फारसे नसते. तेथे गर्दी कमी, आणि प्रश्न विचारले तर उत्तर द्यावयास माणसांना सवड असते. नावे चिटणिसांकडे नोंदवावीत. बसभाड्याचा अर्धा भार मी उचलीन.